सुरतेतील मिठाची परीक्षा

सुरतेहून परतल्यावर साताऱ्यातील मंडळींनी मला विचारले, किल्ला पाहिला का, डुमसचा समुद्र पाहिला का, पत्नीसाठी साडी आणली का. यांपैकी काहीही घडले नाही. मी तेथे मुख्यत्वे जिभा पाहिल्या. त्यांत एक माझी स्वतःची होती. तिच्याविषयी यथावकाश सांगेन.

जाण्याचे कारण असे. माझी सारी नोकरी आरोग्यसेविकांना शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर शिकवण्यास कोणी उरले नाही. पत्नीने तो मान पहिल्याच महिन्यात नाकारला. अशा वेळी सुरतेच्या डॉक्टर नवीनभाईंचे बोलावणे आले. त्यांची संस्था यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांतून लहान दवाखाने चालवते. तेथील परिचारिका तरुणपणी जे शिकल्या त्याच शिदोरीवर काम करीत होत्या. म्हणून दर हिवाळ्यात त्यांच्यासाठी उजळणी वर्ग भरतो. या वर्षी तो मी घ्यावा, आणि उन्हाळ्यापूर्वी नवागामला जो नवा दवाखाना उघडायचा आहे त्याची प्रमुख परिचारिका या वर्गातून मीच निवडावी, अशी त्यांची इच्छा होती. बाहेरच्या माणसाने निवड केली म्हणजे शिव्या त्याच्याबरोबर बाहेर जातात, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. मला समजले.

उधना

प्लेगच्या साथीच्या वर्षी ज्या सुरतेतून माणसे मिळेल त्या गाडीने पळाली, ती सुरत मी मनात धरून उतरलो होतो. रस्ते झाडलेले होते. कचऱ्याची पेटी होती आणि कचरा पेटीतच होता. साताऱ्याच्या माणसास हे पाहून बरे वाटत नाही.

वर्गाची खोली उधन्याला, एका शाळेच्या मागच्या बाजूस. भिंतीपलीकडे यंत्रमाग होते. त्यांची खटखट दिवसभर चालू असे. पहिल्या तासाला मी ओरडून शिकवले. दुसऱ्या तासाला लक्षात आले की बायका एकमेकींशी अगदी हळू बोलतात आणि त्यांना सर्व ऐकू येते. ओरडणारा मी एकटाच होतो.

वर्गाची भाषा हिंदी ठरली होती. प्रत्यक्षात जी ऐकू आली तिच्यात गुजराती, खानदेशी आणि मुंबईचे काही शब्द होते. हिंदी मी बोलत होतो तेवढीच. दहा-बारा बायकांपैकी निम्म्या सुरतेच्या, निम्म्या अमळनेर-शिरपूरकडून यंत्रमागावर आलेल्या घरांतल्या. त्यांतल्या दोघींविषयीच सांगतो.

ज्योत्स्नाबेन रांदेरच्या दवाखान्यात होत्या. गोलाकार, हसऱ्या, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर प्रश्न पूर्ण होण्यापूर्वी देणाऱ्या. उत्तर कधीकधी बरोबर असे.

सुशीलाबाई खानदेशच्या, राहणे डिंडोलीला, दवाखाना हजीऱ्याच्या वाटेवर. शहराचे एक टोक ते दुसरे टोक. पहाटे निघायचे, दिवेलागणीनंतर परतायचे. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, नवागामचा दवाखाना मला पाहिजे."

"परीक्षा आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. आधी सांगून ठेवलं. मागून म्हणायला नको की बोलली नाही."

"घराजवळ पडेल म्हणून?"

"ते तर आहेच. पायी जाईन. पण हजीऱ्याला माझ्याकडे सगळे कारखान्यातले गडी येतात, ओरिसाचे, बिहारचे. बोट दाखवून सांगतात, मी बोट दाखवून औषध देते. नवागामला बाया भिंतीपलीकडून हाक मारतात. 'बाई, पोऱ्याले हगवण लागेल शे, काय देऊ?' ती हाक मला कळते, सर. उन्हाळ्यात तिथं पोरं सुकून जातात."

मी पुन्हा म्हणालो की परीक्षा आहे. त्या गेल्या. आर्जव करणे त्यांना जमत नव्हते. माझ्याजवळ त्याचा उपयोगही झाला नसता.

दुपारचे शहर

सुरतेत दुपारच्या जेवणानंतर दुकाने बंद होतात, मालक झोपतात आणि गिऱ्हाइकेही झोपतात. मी दुपारी वर्ग ठेवला तेव्हा नवीनभाई कळवळून म्हणाले, "साहेब, या वेळेला सुरतमध्ये कोणी आजारी पण पडत नाही." मी वेळ बदलली नाही. पहिल्या दुपारी सगळा वर्ग माना टाकून बसला होता. मी शिस्तीवर चार शब्द बोललो. दुसऱ्या दुपारी बायकांकडून उजळणी लिहून घेत असता मी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा लिहून झालेले होते, पंखा कोणीतरी माझ्या बाजूला वळवला होता आणि ज्योत्स्नाबेन शेजारणीला सांगत होत्या, "बोलू नको, साहेब विचार करतात." तिसऱ्या दिवसापासून दुपारचा वर्ग बंद केला. कारण मी दिले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

माझा मुक्काम नवीनभाईंच्या घरी होता. त्यांच्या पत्नी कोकिळाबेन यांनी पहिल्या रात्री वाढलेली डाळ मी पक्वान्न समजून शेवटी खाण्यासाठी ठेवली. तिच्यात गूळ होता, शेंगदाणे होते आणि कोकमही होते. भाजीत साखर. लोणच्यात गूळ. चहाविषयी लिहीत नाही; तो मी पहिल्या सकाळी वर्गावर परत पाठवला होता. "तुमच्याकडे गोडाची भीती, आमच्याकडे तिखटाची," असे काहीसे कोकिळाबेन म्हणाल्या. मी मुकाट्याने जेवलो. पाहुण्याने जेवावे.

एका संध्याकाळी नवीनभाईंनी मला तापीकाठी पोंक खायला नेले. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, असे मी समजत होतो. आपल्याकडे हुरडा शेतात, आगटीशेजारी, मातीत बसून खातात. हात पोळतो, धूर डोळ्यांत जातो आणि त्याबद्दल पाहुण्याने आभार मानायचे असतात. सुरतेने त्याचे मऊ हिरवे मोती करून, निवडून, पाखडून कागदावर मांडले आहेत. वर लिंबू-मिरीची शेव आणि बाजूला साखरेचे दाणे. साखर मी नाकारली. थोड्या वेळाने थोडीशी घेतली, केवळ तुलनेसाठी.

पेले

वर्गाचा मुख्य विषय होता लहान मुलांची हगवण. दवाखान्यात जलसंजीवनीची पाकिटे असतात. परंतु पोराला रात्री जुलाब सुरू झाले, घरात पाकीट नाही, तर आईला घरच्या मीठसाखरेचे पाणी करता आले पाहिजे, आणि तिला ते शिकवणारी परिचारिका आधी स्वतः शिकली पाहिजे. मोठा तांब्या भरून उकळून निववलेले पाणी, मूठभर साखर, तीन बोटांत येईल तेवढे मीठ. चव डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नको. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर लहान जिवाला त्याहून मोठा धोका.

ज्योत्स्नाबेननी विचारले, "साहेब, चमच्यानं का नाही?"

"प्रत्येक घरचा चमचा वेगळा असतो. हात मात्र सदैव बरोबर असतो."

हे वाक्य मी अनेक वर्षे म्हणत आलो आहे. त्यात एक भोक आहे हे मला सुरतेत कळले.

मी प्रत्येकीला मिश्रण करावयास सांगितले आणि ओळीने पेले चाखत गेलो. चौथ्या पेल्यापासून मी नाव न विचारता गाव सांगू लागलो. सुरतेच्या हाताने केलेले पाणी म्हणजे सरबत. फक्त वाळा घालायचा राहिला होता. खानदेशी हाताचा पेला तोंडात घेतला, आणि डुमसला जाण्याची आवश्यकता उरली नाही. मूठ तीच, बोटे तीच. पण जी बोटे जन्मभर डाळीत गूळ टाकतात त्यांची चिमूट मिठाच्या डब्यात गेल्यावर संकोचते, आणि जी ठेच्यावर वाढली त्यांची चिमूट सैल सुटते.

"साहेब, थोडं गळ्युं, गोड तर पाहिजे ना," ज्योत्स्नाबेन म्हणाल्या. "पोरगं पिणारच नाही तर वाचणार कसं?"

"आणि तुझं पिऊन जुलाब वाढले म्हणजे?" सुशीलाबाई म्हणाल्या. "तुझ्या पाण्याला मुंग्या लागतील, ज्योत्स्ना."

"तुझ्या पाण्यात पापड लाटायचे काय?"

मी दोघींना थांबवले. पुढचे दिवस रोज सराव घेतला. रोज पेले चाखले. रोज नवीनभाईंकडे जेवलो.

परीक्षा

परीक्षेच्या दिवशी मी खोलीबाहेर बसलो. आत प्रत्येकीने मिश्रण केले, पेले एका रांगेत लावले आणि कोणाचा कोणता हे फक्त नवीनभाईंना ठाऊक होते. मी आत आलो, चूळ भरली, चाखण्यास प्रारंभ केला.

पाचव्या पेल्यापाशी थांबलो. चव अगदी नेमकी होती. मी तो बाजूला काढला. सातवा घोट मी थुंकला. "खारट. हे मुलास देता येणार नाही."

नवीनभाईंनी नावे वाचली. पाचवा ज्योत्स्नाबेनचा. सातवा सुशीलाबाईंचा.

सुशीलाबाई उभ्या राहिल्या. "मला पटत नाही, सर."

"परीक्षकाचा निर्णय पटावा लागत नाही."

"आल्या दिवशी तुम्ही चहा गोड म्हणून परत दिला. आज सकाळी तोच चहा तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतला. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

मी काही बोलण्यापूर्वी त्यांनी कपाटातले जलसंजीवनीचे पाकीट सर्वांसमोर फोडले, लिटरच्या बाटलीतल्या पाण्यात घोळले आणि पेला माझ्यापुढे ठेवला. "हे घ्या."

मी घोट घेतला. प्रामाणिकपणे जे वाटले ते बोललो. "खारट आहे."

"ते सरकारी आहे, सर."

वर्ग हसला. नवीनभाई खिडकीतून बाहेर पाहू लागले. त्यांचे खांदे हलत होते. कोकिळाबेनच्या डाळीने माझी जीभ केव्हा फितूर झाली ते मला समजले नव्हते. चाळीस वर्षे जिच्यावर विसंबलो ती आठवडाभर गुळावर टिकली नाही.

निर्णय मागे घेतला. पाकिटाचे पाणी मध्ये ठेवले आणि प्रत्येकीला सर्व पेले त्याच्याशी ताडून चाखण्यास सांगितले. ज्योत्स्नाबेनचा पेला सरबत ठरला. खुद्द सुरतेच्या बायकांनी मात्र तसे म्हटले नाही, म्हटले खानदेशच्या बायकांनी. सुशीलाबाईंच्या पेल्यावर खानदेशची बाजू समाधानी होती. ज्योत्स्नाबेननी मात्र पाकिटाचा एक घोट घेतला, सुशीलाबाईंचा एक घेतला आणि तोंड वेडेवाकडे केले.

"ताई, खरं सांगू? तुझं पाकिटापेक्षा पण खारं आहे. थोडंच. पण आहे."

सुशीलाबाईंनी पुन्हा चाखले. पुन्हा चाखले. "मला काही लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज प्रथमच खाली आला.

त्यावर मी जे बोललो ते तर्काला धरून होते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातले जास्त झालेले जिभेला कळते; स्वतःच्या घरातले कळत नाही. नवागामच्या आया खानदेशी हाताने मीठ घालणार. ते जास्त झालेले सुशीलाबाईंना बरोबरच लागणार. ज्योत्स्नाबेनना पहिल्या घोटात कळेल. तेव्हा नवागामला ज्योत्स्नाबेन याव्यात, हे उघड आहे.



"मला नको, साहेब," ज्योत्स्नाबेन घाईने म्हणाल्या. "त्या बाया पटपट काय बोलतात, मला अर्धं समजत नाही. मी नुसती मान हलवते. मान हलवून जुलाब बंद होतो काय?"

सुशीलाबाई अजून उभ्याच होत्या. त्यांच्या हातात तो सातवा पेला होता.

मी सांगितले, "माझी गाडी उद्या संध्याकाळी आहे. सकाळी एक वेळ पुन्हा पाहू. पाकिटाशी ताडून, माझ्या जिभेशी नव्हे."

"आज जेवायला या, सर, डिंडोलीला," त्या सवयीने म्हणाल्या.

"निकालाआधी नाही."

सून

सकाळी सुशीलाबाईंबरोबर एक तरुण मुलगी आली. त्यांची सून वैशाली. घराणे खानदेशचे, जन्म मात्र सुरतेचा. ती वर्गात येताच सगळ्याजणींनी एकमेकींकडे पाहिले. कारण मला ज्योत्स्नाबेननी कानाशी येऊन सांगितले. वैशाली लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरात डाळ दोनदा शिजते. सुनेच्या डाळीत गूळ असतो. सासू ती तोंडाला लावत नाही. सासूच्या डाळीविषयी सून काही बोलत नाही, फक्त पाणी जास्त पिते.

सुशीलाबाईंनी पाणी घेतले, मूठ टाकली, चिमूट टाकली, ढवळले. पेला माझ्याकडे आला नाही. त्यांनी तो सुनेपुढे धरला आणि तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "सांग."

वैशालीने पाकिटाचे चाखले, मग हे चाखले. ती माझ्याकडे पाहू लागली, नवीनभाईंकडे पाहू लागली. या प्रश्नाचे उत्तर देण्याची तिला घरी सवय नसावी.

"मम्मी," ती अखेर म्हणाली, "मीठ थोडं वधारे छे."

सुशीलाबाईंनी पेला मोरीत ओतला. पुन्हा केले. पुन्हा तिच्यापुढे धरला.

"हजी थोडं. अजून जास्त."

पुन्हा ओतला. तिसऱ्या खेपेस त्यांनी चिमूट भरली, हात वर उचलला, पाहिले, आणि बोटे चोळून काही कण डब्यात परत सोडले. वैशालीने घोट घेतला आणि मान हलवली. मग तो पेला वर्गभर फिरला. सुरतेने आणि खानदेशाने एकाच पेल्याविषयी तक्रार केली नाही, असे त्या आठवड्यात प्रथमच घडले.

मी नवीनभाईंना नाव सांगितले. ज्योत्स्नाबेननी टाळी वाजवली. सुशीलाबाईंनी पदराने हात पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "चल, सर जेवायला येणार आहेत. कुकर लावायचा आहे."

"एक का दोन, मम्मी?"

"दोन. आज लगेच काही सुरती झाले नाही मी."

डिंडोली, आणि तेथून नवागाम

जेवताना माझ्यापुढे डाळीच्या दोन वाट्या आल्या. दोन्ही स्त्रिया समोर उभ्या राहिल्या. सुशीलाबाईंचे यजमान माझ्या पंगतीला होते. रात्रपाळीहून आलेला, मितभाषी माणूस. त्यांनी मला हळूच सावध केले, "मी काही बोलत नही, सर. दोन्ही जेवस."

मी दोन्ही वाट्या एकाच भातावर ओतल्या.

"कशी झाली, सर?" सुशीलाबाईंनी विचारले.

"पाकिटासारखी."

यजमान प्रथमच हसले. भाकरी उत्तम होती. ठेचा मला पेलला नाही. हे साताऱ्यात कृपया कोणी सांगू नये.

गाडीस अवकाश होता. दवाखान्याची जागा पाहून जा, असा सुशीलाबाईंचा आग्रह पडला. आम्ही चालत नवागामला गेलो. एकावर एक खोल्या, दारांपुढे वाळत घातलेले कपडे, प्रत्येक बोळात मागांचा आवाज. जागा म्हणजे एक खोली व पुढे ओटा. चुन्याचा वास येत होता. मी खिडकी कोणत्या बाजूस हवी ते सांगत होतो. तेवढ्यात पलीकडच्या दारातून हाक आली.

"बाई! पोऱ्याले सकायपासून हगवण लागेल शे!"

माझे वाक्य अर्धेच राहिले. सुशीलाबाई ओट्यावरून उतरून केव्हा गेल्या हे मला दिसलेही नाही. मी मागोमाग गेलो तेव्हा मूल त्यांच्या मांडीवर होते आणि त्या अहिराणीत एकामागून एक प्रश्न विचारीत होत्या, किती वेळा झाली, लघवी केव्हा केली, अंगावर पितो की नाही. आई भराभर उत्तरे देत होती. मला त्यातले अर्धे कळले. पोटाची कातडी चिमटीत धरून त्यांनी सोडली. ती लगेच सपाट झाली, म्हणजे पोर अजून सुकले नव्हते. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

आईने मीठसाखरेचे पाणी आधीच केले होते. कोणाकडून तरी ऐकून. तिने तांब्या पुढे केला. सुशीलाबाईंनी एक घोट घेतला. चेहऱ्यावर समाधान दिसले. मग त्या थांबल्या, तांब्याकडे पाहिले, आणि तो माझ्यापुढे धरला.

"सर, तुम्ही बघा. तुमची जीभ सुरती आहे."

मी घोट घेतला.

"खारट," मी म्हणालो.

सुशीलाबाईंनी वाद घातला नाही. तांब्यातले पाणी मोरीत ओतले, आईला आपल्याशेजारी बसवले आणि तिच्या चिमटीतले मीठ स्वतःच्या बोटाने कमी केले.